लाकडाच्या भुशासाठी व्हॅक्यूम क्लीनर निवडताना

सुतारकाम चालू असलेल्या घरात जमिनीवर साचणारा भुसा एकाच जातीचा नसतो, आणि तो उचलण्यासाठी यंत्र निवडताना ज्या चुका होतात त्यांपैकी बहुतेकींचे मूळ या गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षात असते. इलेक्ट्रिक रंध्यातून उडणारे पापुद्रे सेंटिमीटरभर लांबीचे असू शकतात. कटरच्या पात्याखालून पडणारे कण मिलिमीटरच्या काही अंशाएवढे असतात. तर पॉलिश पेपरने किंवा सँडरने घासलेल्या पृष्ठभागावरून निघणारी धूळ मोजण्यासाठी मायक्रॉन हे माप, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, वापरावे लागते. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाडीचा असतो आणि घासकामाच्या धुळीतील पुष्कळ कण १० मायक्रॉनहूनही लहान असतात, त्यामुळे ते सुटे सुटे असे डोळ्यांना दिसतच नाहीत. हवा अगदी स्थिर असेल तर १०० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर वेगाने खाली येतो आणि टेबलाच्या उंचीवरून तीन-चार सेकंदांत जमिनीवर पोचतो. १० मायक्रॉनच्या कणाला दीड मीटर खाली यायला आठ-नऊ मिनिटे लागतात, आणि १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी जवळजवळ बारा तास लागतात. घरात पंखा फिरत असतो आणि माणसांची ये-जा चालू असते, म्हणून प्रत्यक्षात हा काळ आणखी वाढतो. डोळ्यांना दिसणारा ढीग हा भुशाचा त्यातल्या त्यात निरुपद्रवी भाग असून त्रासदायक भाग अजून हवेतच असतो, असा याचा अर्थ होतो.

या सूक्ष्म भागाची काळजी का घ्यायची, याचे उत्तर वैद्यकशास्त्राने पुष्कळ आधीच दिले आहे. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या आणि फर्निचर बनवण्यासाठी प्रसिद्ध होते. तेथील कारागिरांमध्ये नाकाच्या आतील पोकळ्यांचा एक दुर्मीळ कर्करोग अपेक्षेपेक्षा फार मोठ्या प्रमाणात आढळतो, हे १९६० च्या दशकात तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले. पुढे १९९५ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करतात असे सिद्ध झालेल्या पदार्थांत, केला. हा निष्कर्ष वर्षानुवर्षे कारखान्यात काम करणाऱ्यांच्या अनुभवावर आधारलेला आहे, आणि महिनाभर फर्निचरचे काम चाललेल्या घरातील माणसांना तेवढा धोका असतो असे समजून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र खोकला, डोळ्यांची जळजळ, त्वचेला सुटणारी खाज आणि मुळात दमा असलेल्यांना येणारा झटका हे त्रास काही दिवसांच्या संपर्कातही होऊ शकतात. सागवान आणि शिसव या आपल्याकडे मानाच्या मानल्या जाणाऱ्या लाकडांत त्वचेला ॲलर्जी निर्माण करणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू राळेने दाबून बनवलेला फळा, कापताना मैद्यासारखी धूळ निघते आणि त्या धुळीत फॉर्मल्डिहाइड असलेल्या राळेचाही अंश असतो. मुंबई-पुण्याकडच्या फ्लॅटमध्ये आज प्लाय, एमडीएफ आणि लॅमिनेट यांचेच काम अधिक होते, आणि ते जागेवरच करून घेण्याची पद्धत असल्याने ही धूळ थेट राहत्या खोल्यांत उतरते.

म्हणून भुशासाठी यंत्र पारखताना ग्राहकाने सर्वांत आधी त्याच्या मागच्या जाळीकडे पाहावे. नळीच्या तोंडातून काय आत जाते हे दुकानातील प्रात्यक्षिकात दिसते. मोटरीमागून बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर काय परत येते हे दिसत नाही. ज्या यंत्राची गाळणी कच्ची आहे ते जमिनीवरचा ढीग उचलते खरे, पण त्यातली सर्वांत बारीक धूळ जोराच्या झोतासकट खोलीभर पसरवते, आणि जी धूळ एव्हाना खाली बसली होती तिला पुन्हा श्वासाच्या उंचीवर आणून सोडते. अशा यंत्रापेक्षा ओले फडके बरे.

बाजारात मिळणाऱ्या प्रकारांपैकी काही येथेच बाजूला काढता येतात. बॅटरीवर चालणारा काठीसारखा उभा व्हॅक्यूम आणि जमिनीवर आपोआप फिरणारा रोबो यांच्या धूळपेट्या अर्ध्या लिटरच्या आसपास असतात; एका दाराची कड रंधल्यावर निघणाऱ्या भुशानेच त्या भरून जातात आणि त्यांची चिमुकली गाळणी लगेच बुजते. सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांच्याकडे हमखास असणारा हातातला ब्लोअर, ज्याला मागे कापडी पिशवी लावली की तो व्हॅक्यूम होतो असे सांगितले जाते, तो या कामासाठी सर्वांत वाईट होय. त्या कापडाच्या विणीत पापुद्रे अडतात, पण बारीक धूळ सरळ आरपार जाते. त्याच ब्लोअरने कोपऱ्यातला भुसा फुंकून काढणे हा प्रकार तर बंद खोलीत होऊच देऊ नये, आणि काम दुसऱ्याकडून करून घेणाऱ्या घरमालकाने हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगावे.

राहिला प्रश्न घरात आधीपासून असलेल्या नेहमीच्या कोरड्या व्हॅक्यूमचा. १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्ससारख्या कंपन्यांच्या घरोघरी जाणाऱ्या विक्रेत्यांनी हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत रुजवले, आणि सोफा, गादी, पडदे व जाळीजळमटे यांसाठी ते उत्तम काम देते. भुशाच्या बाबतीत मात्र त्याची एक रचनात्मक अडचण आहे. अशा बहुतेक यंत्रांत नळीतून ओढलेली हवाच गाळणीतून पुढे जाऊन मोटरीवरून वाहते आणि तिला थंड ठेवते; पिशवी किंवा गाळणी भुशाने बुजली की हवेचा प्रवाह घटतो आणि मोटर तापू लागते. याउलट ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही कामांसाठी बनवलेल्या ड्रमच्या यंत्रांत मोटर थंड ठेवणारी हवा वेगळ्या वाटेने येते व जाते, त्यामुळे गाळणी बुजली तरी ओढ कमी होते इतकेच, मोटर जळण्याची वेळ सहसा येत नाही. घरच्या भुशासाठी म्हणूनच हा ड्रमचा प्रकार योग्य ठरतो. १५ ते २५ लिटरचा ड्रम बहुतेक घरांना पुरतो. सुट्या भुशाचे वजन लिटरमागे साधारण २०० ग्रॅम धरले तर २० लिटरच्या ड्रममध्ये कागदावर चार किलो भुसा मावतो, परंतु गाळणी ड्रमच्या आत लटकत असल्याने प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी भरल्यावरच तो रिकामा करावा लागतो.

यानंतर खोक्यावरच्या आकड्यांचा प्रश्न येतो, आणि येथे ग्राहक सर्वांत सहज फसतो. ठळक अक्षरांत छापलेले वॉट हे यंत्र किती वीज खाते ते सांगतात. ते किती ओढते याच्याशी त्या आकड्याचा संबंध सैल आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्यूमच्या विजेवर १,६०० वॉटची आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची मर्यादा घातली, तेव्हा उत्पादकांनी पंखा, नळी आणि तोंड यांची रचना सुधारून तेवढ्याच विजेत भागवले. ओढ समजण्यासाठी दोन वेगळी मापे पाहावी लागतात. पहिले माप किलोपास्कलमध्ये दिलेला निर्वात दाब, म्हणजे नळीचे तोंड पूर्ण बंद केल्यावर आतून हवा किती जोराने खेचली जाते. दुसरे माप लिटर प्रति सेकंद असा हवेचा प्रवाह, म्हणजे तोंड पूर्ण उघडे असताना किती हवा वाहते. हे दोन्ही आकडे परस्परविरुद्ध स्थितींत मोजलेले असतात आणि एकाच वेळी दोन्ही कधीच मिळत नाहीत. प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालते, आणि त्या मधल्या बिंदूवर दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला की हवेचे वॉट हे खरे उपयोगी माप मिळते. उदाहरणार्थ, १० किलोपास्कल दाबावर सेकंदाला २० लिटर हवा वाहत असेल तर ते यंत्र २०० हवा-वॉटचे काम करते, मग त्याच्या खोक्यावर १,२०० लिहिलेले असो की १,६००. गालिच्याच्या लवांत रुतलेली धूळ काढायला दाब लागतो. भुसा सुटा आणि हलका असल्यामुळे त्याला प्रवाह अधिक लागतो. दोन यंत्रांचा दाब सारखाच असेल तर ज्याचा प्रवाह जास्त, ते भुशासाठी घ्यावे.

प्रवाहाइतकेच महत्त्व नळीच्या व्यासाला आहे, कारण भुसा नळीत खाली न बसता पुढे वाहत राहण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा लागतो. आतून ३५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा वेग राखायला सेकंदाला १९ लिटर हवा पुरते; ६३ मिलिमीटरच्या नळीला ६२ लिटर लागते; आणि १०० मिलिमीटरच्या नळीला १५७ लिटर. घरगुती ड्रमची यंत्रे पहिल्या नळीत आरामात काम करतात, दुसरीत त्यांतली जोरकस तेवढीच टिकतात, तिसरीत एकही टिकत नाही. जाड नळी घेतली की भुसा जास्त ओढला जाईल ही समजूत म्हणूनच अर्धवट खरी आहे. यंत्राचा प्रवाह बेताचा असेल तर जाड नळीत वेग पडतो आणि भुसा वळणावर साचून राहतो. उलट फार बारीक नळीत रंध्याचे पापुद्रे आणि प्लायच्या काटक्या आडव्या अडकतात, आणि एक काटकी आडवी बसली की तिच्यामागे पाचच मिनिटांत घट्ट बूच तयार होते. हाताने चालणारी अवजारे, म्हणजे सँडर, ट्रिमर, जिगसॉ आणि गोल कटर यांसाठी ३२ ते ३८ मिलिमीटरची नळी सोयीची. जमिनीवरचे ढीग आणि पापुद्रे उचलण्यासाठी, यंत्र झेपवत असेल तर, ५० ते ६३ मिलिमीटरची. गच्चीत किंवा गॅरेजमध्ये टेबल सॉ अथवा उभ्या रंध्याचे मोठे यंत्र बसवणाऱ्या हौशी कारागिराने मात्र व्हॅक्यूमचा विचारच सोडून द्यावा. त्या यंत्रांची भुसा सोडणारी तोंडे बहुधा १०० मिलिमीटरची असतात आणि त्यांना कमी दाबाने पुष्कळ हवा ओढणारा, मोठ्या पंख्याचा आणि मोठ्या पिशवीचा डस्ट कलेक्टर लागतो. ते वेगळ्या कुळातले यंत्र आहे.

गाळणीचा विषय सर्वांत महत्त्वाचा असून त्याबद्दलचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. गाळणी चाळणीसारखी चालते, म्हणजे भोकापेक्षा मोठा कण अडतो आणि लहान कण निसटतो, असे सामान्यतः मानले जाते. तंतूंच्या गाळणीत तसे घडत नाही. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही आणि आपल्या वेगानेच तंतूवर आदळून चिकटतो. अतिशय लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडावाकडा भरकटतो आणि भरकटतानाच कुठल्यातरी तंतूला लागतो. मधल्या आकाराचे, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण या दोन्हींतून सुटतात. म्हणूनच गाळणीची कसोटी या सर्वांत अवघड आकारावर घेतली जाते. हेपा गाळणी म्हणवून घेण्यासाठी अमेरिकी व्याख्येनुसार ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत; युरोपीय पद्धतीत एच १३ या वर्गाला ९९.९५ टक्क्यांची अट आहे. खोक्यावर नुसते ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ असे लिहिलेले असेल आणि टक्केवारी किंवा वर्ग दिलेला नसेल, तर त्या शब्दाला काडीचीही किंमत देऊ नये.

व्यावसायिक यंत्रांसाठी ईएन ६०३३५-२-६९ हे युरोपीय मानक आहे आणि त्यात धुळीच्या धोक्यानुसार एल, एम आणि एच असे तीन वर्ग केलेले आहेत. एल वर्गाच्या यंत्रातून जास्तीत जास्त १ टक्का धूळ निसटू शकते, एम वर्गातून ०.१ टक्का आणि एच वर्गातून ०.००५ टक्का. एम वर्गाच्या यंत्राला आणखी एक अट असते: नळीतला वेग २० मीटरच्या खाली गेला की त्याने आवाज किंवा दिव्याने इशारा दिला पाहिजे. जर्मनीत सुतारकामाच्या धुळीसाठी एम वर्ग वापरण्याचा आग्रह धरला जातो तो याचसाठी. हे यंत्र भारतातही मिळते, पण साध्या ड्रमच्या यंत्रापेक्षा त्याची किंमत अनेक पटींनी जास्त असते. ज्याच्या घरात वर्षभर सँडर चालतो किंवा ज्याच्या कुटुंबात दम्याचा रुग्ण आहे त्याने तो खर्च करावा, बाकीच्यांनी साध्या ड्रमच्या यंत्रात चांगली गाळणी आणि पिशवी बसवावी. फरशा कापणे, भिंती फोडणे, प्लास्टर घासणे ही कामे सुतारकामाबरोबरच चालू असतील तर गोष्ट वेगळी. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना कायमची इजा करते, आणि तिच्यासाठी एल वर्गाचे किंवा वर्गच नसलेले यंत्र वापरू नये.

गाळणी कितीही चांगली असली तरी तिच्याभोवतीचे रबर नीट बसले नसेल तर हवा कडेने पळवाट काढते, आणि मग आतल्या ९९ टक्क्यांना अर्थ उरत नाही. याची परीक्षा घरी करता येते. यंत्र थोडा वेळ भुशावर चालवावे, बंद करून वीज काढावी, झाकण उघडून गाळणी काढावी आणि तिच्या स्वच्छ बाजूवरून, म्हणजे मोटरीकडच्या बाजूवरून, बोट फिरवावे; बोटाला पांढरट पूड लागली तर धूळ आरपार जात आहे हे निश्चित. दुसरी परीक्षा रात्री करावी. खोलीत अंधार करून, पंखा बंद ठेवून, यंत्राच्या मागच्या जाळीसमोर जोरदार टॉर्च आडवा धरावा आणि प्रकाशाच्या पट्ट्याकडे बाजूने, किंचित टॉर्चच्या दिशेने तोंड करून पाहावे. दुपारच्या कवडशात तरंगणारे कण जसे एरवी न दिसता अचानक दिसू लागतात तसेच येथेही घडते, आणि ब्रिटनमधील कारखान्यांत धुळीची गळती शोधण्यासाठी हीच युक्ती अधिकृतपणे वापरली जाते. जाळीतून बाहेर येणारी हवा या प्रकाशात धुरकट दिसली तर यंत्र परत करावे. निदान गाळणी तरी बदलावी.

पिशवी वापरावी की नाही, यावर मतभेद आहेत. बिनपिशवीचे यंत्र स्वस्तात चालते, पण प्रत्येक वेळी ड्रम उलटा करताना आणि गाळणी झटकताना सगळी बारीक धूळ माणसाच्या तोंडावर येते. न विणलेल्या कृत्रिम धाग्यांची, फ्लीस नावाने मिळणारी पिशवी कागदी पिशवीपेक्षा महाग असली तरी ती टोकदार काटकीने सहजी फाटत नाही, उशिरा बुजते, आणि भरल्यावर तिचे तोंड बंद करून जशीच्या तशी कचऱ्यात टाकता येते. घासकाम आणि एमडीएफ यांसाठी पिशवी लावलीच पाहिजे, असा या लेखाचा आग्रह आहे. रंध्याच्या पापुद्र्यांसाठी ती लावणे म्हणजे मात्र पैसे वाया घालवणे होय, कारण पापुद्रे वजनाला हलके आणि जागेला भारी असतात.

या दोन्ही अडचणींवरचा तोडगा म्हणजे यंत्राच्या आधी जोडलेला सायक्लोन. हा प्लास्टिकचा उलटा शंकू असून त्यात हवा कडेने शिरते आणि गोल फिरू लागते. जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातात, घरंगळत खालच्या बादलीत पडतात, आणि बरीचशी निवळलेली हवा मधल्या नळीतून वर निघून व्हॅक्यूमकडे जाते. लाकूडगिरण्यांत ही रचना फार पूर्वीपासून आहे. ब्रिटिश शोधक जेम्स डायसन यांना पिशवीविना चालणाऱ्या घरगुती व्हॅक्यूमची कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशाच एका गिरणीवरच्या शंकूवरून सुचली, आणि ती यशस्वी होईपर्यंत त्यांनी ५,१२७ नमुने केले. घरच्या कामासाठी सुटा शंकू ऑनलाइन मिळतो आणि तो रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीच्या झाकणावर बसवता येतो. भुशाचा मोठा वाटा बादलीतच राहतो, गाळणी आठवडेच्या आठवडे मोकळी राहते आणि पिशवी कित्येक पट टिकते. अतिसूक्ष्म धूळ मात्र शंकूतूनही पुढे जाते, त्यामुळे सायक्लोन बसवला म्हणून चांगली गाळणी नको असे होत नाही. बादली जाड आणि ताठ निवडावी. नळीचे तोंड चुकून बंद झाले आणि आत २० किलोपास्कलचा निर्वात तयार झाला, तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर बाहेरच्या हवेचा भार सुमारे १४० किलो वजनाइतका पडतो, आणि पातळ बादली क्षणात आत चेपते.

विजेच्या बाजूचा विचार दुकानात कोणी करत नाही. आपल्याकडील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १,४०० वॉटचे यंत्र सहा अँपिअरहून किंचित जास्त प्रवाह घेते, म्हणजे खोलीतल्या सहा अँपिअरच्या लहान सॉकेटची मर्यादा तेवढ्यानेच संपते. काही यंत्रांवर अवजार जोडण्यासाठी सॉकेट असते. अवजार सुरू केले की व्हॅक्यूम आपोआप सुरू होतो आणि अवजार थांबल्यावर नळी रिकामी होईपर्यंत काही सेकंद चालत राहतो. ही सोय फार उपयोगाची आहे, कारण भुसा उडाल्यावर गोळा करण्यापेक्षा तो निघताक्षणीच पकडणे कितीतरी सोपे असते. परंतु १,२०० वॉटचे अवजार आणि १,२०० वॉटचा व्हॅक्यूम मिळून १० अँपिअरहून अधिक प्रवाह घेतात, तेव्हा असे यंत्र गीझर किंवा एसीसाठी असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावे आणि मधे बारीक वायरचे एक्स्टेन्शन घालू नये. कोरड्या हवेत, विशेषतः हिवाळ्यात विदर्भ-मराठवाड्याकडे, प्लास्टिकच्या नळीत घासत जाणाऱ्या भुशाने स्थिर वीज साठते आणि हाताला झटके बसतात. ते टाळण्यासाठी कार्बनमिश्रित, वीजवाहक नळी मिळते, आणि तिचा उपयोग मातीशी जोडलेल्या यंत्राबरोबरच होतो.

आगीचा धोका याहून गंभीर आहे. घरगुती प्रमाणात लाकडाच्या धुळीचा स्फोट होण्याची शक्यता फार कमी असते, कारण त्यासाठी घनमीटरमागे काही दशक ग्रॅम इतका दाट ढग लागतो. ड्रममधला भुसा आतल्या आत धुमसण्याची शक्यता मात्र खरी आहे. पात्याला लागून लालभडक झालेला खिळा किंवा ग्राइंडरची ठिणगी नळीतून आत गेली तर ती भुशात तासन्‌तास दडून राहू शकते, म्हणून धातू कापण्याचे आणि लाकडाचे काम एकाच यंत्रावर करू नये. जवसाच्या तेलाने किंवा पीयू पॉलिशने माखलेला पृष्ठभाग घासल्यावर निघणारी धूळ साठवून ठेवली तर ती हवेशी संयोग होताना आपोआप तापते आणि पेटू शकते. अशी धूळ रात्रभर यंत्रात राहू देऊ नये, ती धातूच्या डब्यात पाणी घालून घराबाहेर ठेवावी. स्पिरिटमधला चपडा, थिनर किंवा लॅकर यांचा वास खोलीत असताना व्हॅक्यूम चालू करणेही टाळावे, कारण या मोटरींच्या ब्रशमधून ठिणग्या पडतच असतात.

वापराच्या रीतीबद्दल थोडे. घासकाम चालू असताना पंखा आणि स्प्लिट एसी बंद ठेवावेत, नाहीतर बारीक धूळ एसीच्या आतल्या जाळीत जाऊन बसते आणि काम संपल्यावरही महिनोन्‌महिने बाहेर येत राहते. काम थांबल्यावर अर्धा तास खोली बंद ठेवून मग आधी दारांच्या चौकटी, कपाटांचे माथे आणि खिडक्यांच्या कडा मऊ ब्रशच्या तोंडाने, आणि नंतर जमीन, अशा क्रमाने यंत्र फिरवावे. शेवटी ओलसर फडके. भुशावर आधी पाणी शिंपडू नये. सागवानासारख्या लाकडातला रंग पाण्यात उतरून पांढऱ्या फरशीवर तपकिरी डाग पाडतो. ड्रम रिकामा करताना एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा मास्क लावावा, कारण दिवसातला सर्वांत दाट धुळीचा क्षण तोच असतो. निव्वळ लाकडाचा, रंग-पॉलिश न लागलेला भुसा ओल्या कचऱ्याच्या खतात थोडा थोडा मिसळता येतो. प्लाय आणि एमडीएफचा भुसा खतात घालू नये आणि जाळू तर मुळीच नये.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा या यंत्राचा शत्रू आहे. भुसा हवेतला ओलावा शोषतो, ड्रममध्ये ठेवलेल्या भुशाला आठवड्याभरात बुरशीचा वास येतो, आणि कागदाची गाळणी दमट होऊन फुगते. धुता येणारी पॉलिएस्टरची गाळणी पावसाळ्यात धुतली तर वाळायला दोन-तीन दिवस घेते, आणि ओलसर गाळणी बसवून भुसा ओढला की तिच्यावर काढता न येणारा लगदा चढतो. म्हणून यंत्राबरोबरच दुसरी गाळणी घेऊन ठेवावी. पाणी ओढण्यासाठी दिलेली स्पंजाची बाही कोरड्या भुशासाठी लावू नये, तिच्यात बारीक धूळ अडतच नाही.

साधे ड्रमचे यंत्र आज पाच ते दहा हजार रुपयांच्या दरम्यान मिळते, आणि त्या किमतीत विक्रेते ठिकठिकाणच्या कंपन्यांची एकसारखी दिसणारी यंत्रे दाखवतात. निवड करण्यापूर्वी त्याच यंत्राची गाळणी आणि पिशवी सुटी मिळते का, तिची किंमत किती आणि ती गावातल्या दुकानात आहे की परगावाहून मागवावी लागते, हे विचारून घ्यावे. ज्या यंत्राची गाळणी वर्षभराने मिळत नाही ते मोटर शाबूत असूनही अडगळीत जाते. नळी अडकवायचा खटका दोन-तीनदा लावून-काढून पाहावा, झाकणाचे रबर बोटाने दाबून ते सलग आहे ना याची खात्री करावी, आणि जवळ असलेल्या सँडरचे किंवा कटरचे भुसा सोडणारे तोंड सोबत नेऊन नळी त्यावर बसते का ते दुकानातच तपासावे. ते बसत नसेल तर जोडणीचा रबरी तुकडा तेव्हाच मागून घ्यावा.